पांढरी सहा ते पांढरी पाच : संबळ-हलगीसोबत जेजुरी ते पणजी

आमच्या नव्या अल्बममधली आठही गाणी काळी चारमध्ये आहेत, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा आमचा षड्ज. पांढरी सहा तिच्या अर्धा स्वर वर, पांढरी पाच अर्धा स्वर खाली. स्टुडिओत एसी २४ अंशांवर, हवा दिवसभर एकसारखी. संबळ म्हणजे कातड्याच्या दोन तोंडांची जोडी, एक मोठं, एक बारकं. त्यातलं बारकं तोंड सकाळी षड्जाला लावलं की संध्याकाळपर्यंत हलत नव्हतं. तोच संबळ घेऊन दिवाळीनंतर सहा दिवस रस्त्यावर होतो. तुळजापुरात तो पांढरी सहाला चढला, पणजीत पांढरी पाचला उतरला. लोकवाद्यं घेऊन अल्बमचे कार्यक्रम करायला निघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून गावागणिक लिहितोय.

सामान एका छोट्या हत्तीत बसतं. आधी स्पीकर, केबिनच्या भिंतीला टेकवून. मग स्टँड, केबल आणि १६ चॅनेलचा मिक्सर. हार्मोनियम आडवी ठेवायची नाही. कातडी वाद्यं सगळ्यात वर, वाकळांत गुंडाळून. दोन हलग्यांची तोंडं एकमेकींना लागू द्यायची नाहीत. रस्त्याच्या धक्क्यांनी कातडं कातड्यावर घासतं आणि तिथेच पातळ होतं. ताडपत्री काळी नको. दुपारी तिच्याखाली भट्टी होते, आणि आवळून ठेवलेलं कातडं कडेला फाटतं. म्हणून निघतानाच संबळाच्या दोऱ्या थोड्या सैल करायच्या.

पहिला मुक्काम जेजुरी, पुण्यापासून जेमतेम ५० किलोमीटर. खंडोबाचं गाव म्हणजे जागरणाचं गाव. दिमडी (छोटी, खंजिरीसारखी), तुणतुणं (एका तारेचं), घाटी (घंटा) ही इथल्या वाघ्या-मुरळीची वाद्यं, त्यामुळे समोरचा श्रोता जाणकार असतो आणि दिमडी मंद वाजली तर लगेच कळतं. पण जेजुरीत हवेपेक्षा भंडारा जपावा लागतो. तो मिक्सरच्या फेडरमध्ये, म्हणजे आवाजाच्या सरकत्या बटणांत जातो, माइकच्या जाळीत बसतो, हार्मोनियमच्या भात्यातून थेट सुरांवर जातो आणि मग एखादी पट्टी दाबली की सोडतच नाही. मिक्सरवर पारदर्शक प्लॅस्टिक, माइकला स्पंजच्या टोप्या, आणि उधळण व्हायच्या आत हार्मोनियम झाकायची. नंतर साफ करताना ओलं फडकं अजिबात लावू नका. भिजलेली हळद चिकटून बसते. कोरड्या रंगाच्या ब्रशनं झटकायची.

दिमडीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या दिमड्यांना घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या कातड्याचं वाद्य विकत घेऊ नका, गाडीत तर ठेवूच नका. शेळीचं पातळ तासलेलं कातडं चालतं. आम्ही एक दिमडी शेळीच्या कातड्याची आणि एक सिंथेटिक पानाची, म्हणजे कातड्याऐवजी कृत्रिम पडदा लावलेली, ठेवतो. सिंथेटिकचा आवाज कोरडा आहे, हे खरं. पण दव पडलं तरी तिचा स्वर हलत नाही, आणि उघड्या मैदानात रात्री तीच वाचवते.

जेजुरीहून मोरगाव, बारामती करत इंदापूरला पुणे-सोलापूर रस्ता धरला. ढाब्यावर ट्रक-टेम्पोवाल्यांना अल्बम ऐकवायचा असेल तर क्यूआर कोडपेक्षा पेन ड्राइव्ह बरा. त्यातही चुका होतात. ड्राइव्ह फॅट ३२मध्ये फॉरमॅट केलेला हवा, बाकीचे प्रकार बरेच गाडीतले प्लेअर वाचत नाहीत. गाणी ३२० केबीपीएस एमपी३. फाइलींची नावं ०१, ०२ अशा आकड्यांनी सुरू करायची आणि रोमन अक्षरांत लिहायची, कारण अनेक प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मास्टरिंग करताना वरची एक डेसिबल जागा मोकळी ठेवली होती. तरीही छोट्या स्पीकरवर हलगीची टिपरी चिरकत असेल तर मूळ मिक्समध्ये हलगी खाली आणायची, मास्टर नाही.

सोलापूरपासून तुळजापूर ४५ किलोमीटर. कोजागिरीच्या आसपास इथे कार्यक्रम ठेवू नका. सोलापूरकडून लाखो माणसं पायी येतात आणि सगळा रस्ता त्यांचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी ठणठणीत. दुपारी चारला साउंड चेक करताना संबळ पांढरी सहात बोलत होता, काळी चारच्या अर्धा स्वर वर. कातड्यातलं पाणी उडालं की तंतू आखडतात, ताण वाढतो, स्वर चढतो. अशा वेळी दोऱ्या सोडायची घाई करू नये, कारण सूर्य मावळला की तो आपोआप थोडा उतरतो. ओल्या फडक्याचं टोक कातड्याच्या कडेनं, फक्त कडेनं, एकदा फिरवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मध्यभागी पाणी लागलं तर आवाज भदभदा होतो आणि त्या रात्री तो सुधारत नाही.

तुळजापुरात संबळ वाजवायचा म्हणजे गोंधळ्यांच्या दारात वाजवायचा. गोंधळाला रात्र लागते : पूर्वरंग, देवतांना आवतण, मग आख्यान, शेवटी आरती. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, त्यात आपला दिवस असेल असं धरून चालू नये. म्हणून सातला सुरुवात आणि दीड तासात सगळं. इथे बँडवाले एक चूक करतात : आवतण कापतात आणि थेट गाजलेलं गाणं घेतात. आवतण हाच गोंधळाचा पाया आहे. आम्ही ते पूर्ण ठेवलं आणि मधलं गिटारचं काम काढलं. क्लिकही काढली, म्हणजे वादकांच्या कानात लय मोजणारी टिकटिक. रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत बांधलेलं आहे, पण संबळाची लय चढतच जाते, १२०च्या पुढे जाते. ती अडवली की गाणं मरतं.

संबळाला दोन माइक लागतात, प्रत्येक तोंडासाठी एक, कातड्यापासून बोटभर नव्हे तर चांगलं १० ते १२ सेंटीमीटर वर आणि कडेच्या दिशेनं तिरपा. वाजवणारा उभा असतो, संबळ कमरेला बांधलेला, तो फिरतो. स्टँडवरचे माइक तिथेच राहतात. कड्याला अडकवायचे क्लिपचे माइक घ्या. वळलेल्या टोकाची काठी मोठ्या तोंडावर घासत चालते, तिच्या वाटेत क्लिप येणार नाही एवढं पाहा.

तुळजापूरहून परत सोलापूर, आणि मंगळवेढा, सांगोला करत मिरज. तंबोऱ्याला लागणारा जाड सालीचा भोपळा याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही थांबलो ते मात्र तुणतुण्यासाठी. तुणतुण्याची तार तुटते ती खुंटीपाशी नाही, खाली कातड्यातून जिथे ओवलेली असते तिथे. भोक मोठं होत जातं आणि एका दिवशी गाठ वर निघून येते. गाठीखाली शर्टाचं जाड बटण ठेवलं की ताण पसरतो. तार सतारीची, बाजाची (मुख्य तार), ०.३० मिलिमीटरच्या आसपास. मिरजेत वेटोळं घेऊन ठेवायचं.

कोल्हापूर इथून ५० किलोमीटर. हलगी-घुमक्याचा मुलूख. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की पैलवान शड्डू ठोकतो, तो कडकडाट कानात असलेले लोक समोर असतात. हलगी शेकल्याशिवाय त्यांच्यापुढे जायचंच नाही. शेकायला उसाचं पाचट किंवा वर्तमानपत्र : ज्योत मोठी, धग थोडा वेळ. हलगी जाळापासून दीड हात वर, तोंड खाली आणि सतत गोल फिरवत, मिनिट-दोन मिनिटं. मधे मधे बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचं. आधी थप्प असा ओला आवाज येतो, मग तो घट्ट होतो, आणि टण्ण आला की लगेच बाजूला घ्यायची. त्यापुढे दहा सेकंदही नाहीत. जास्त शेकली की कडेजवळ केसाएवढी रेघ दिसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठेक्याला तिथूनच पान, म्हणजे ताणलेलं कातडं, उलतं. रॉकेल टाकून जाळ करू नका, काजळीनं कातडं चरचरीत होतं.

बंदिस्त सभागृहात जाळ करता येत नाही. तिथे केस वाळवायचा ड्रायर, मागच्या बाजूनं, वीतभर अंतरावरून. तो साउंडच्या लाइनवर लावू नका. हजारावर वॅट ओढतो, आणि मोटरची कुरकुर थेट स्पीकरमध्ये येते. लाइटची लाइन घ्या. वीज जोडायच्या आधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर बास गिटार रात्रभर गुणगुणणार. हलगीला छोट्या सभागृहात माइक देतच नाही. ती मागे, गायकाच्या माइकपासून किमान सहा-सात फूट.

आजऱ्यावरून आंबोली. सुमारे ६९० मीटरवरून सावंतवाडीपर्यंत ३० किलोमीटरचा उतार, आणि तासाभरात हवा बदलते. सावंतवाडीत गाडी उघडली तेव्हा कोल्हापुरात टणटणणारी हलगी हाताला मऊ लागत होती. पाणी शोषलं की तंतू फुगतात, सैल पडतात. शेकली तर चढते, पण उघड्या रंगमंचावर वीस मिनिटांत पुन्हा उतरते. इथे हवेशी झगडण्यात अर्थ नाही, गाण्यांचा क्रम बदलायचा. शेकल्या शेकल्या हलगीची दोन गाणी, मग टाळ आणि एकतारीवरचे अभंग, तेवढ्यात मागे दुसरी जोडी शेकून तयार.

पणजीत पोचलो तेव्हा संबळ पांढरी पाचवर होता. इथे आमच्यासोबत घुमट वाजलं, गोव्यातल्या कलाकारांच्या हातून. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, मागचं बारकं तोंड उघडं. वाजवणारा एका हातानं ते उघडं तोंड झाकतो-उघडतो आणि त्यातून घुमारा लहान-मोठा होतो. घोरपडीचा प्रश्न इथेही तोच, आणि उत्तरही तेच, शेळीचं कातडं. माइक कातड्यासमोर एकच ठेवला तर अर्धं घुमट हरवतं. दुसरा मागच्या तोंडाशी हवा, हात आपटणार नाही एवढा दूर, आणि त्या चॅनेलवर २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापायचं. ठेवताना खाली कापडाची चुंबळ. फरशीवर नुसतं टेकवलं तरी तडा जाऊ शकतो.

अल्बमवर गोंधळाच्या आणि जागरणाच्या चालींपुढे आम्ही 'पारंपरिक' असं छापलंय, फक्त वाद्यमेळ आमचा. ज्या गोंधळ्यांकडून चाली शिकलो त्यांचा वाटा प्रत्येक कार्यक्रमाच्या मानधनातून वेगळा काढतो. व्हिडिओ चढवताना कुणी तरी त्याच पारंपरिक चालीवर हक्क सांगतं, असं होतं; तेव्हा मूळ गाणं पारंपरिक असल्याचं आणि रेकॉर्डिंग आपलं असल्याचं लगेच लिहून पाठवायचं, आयएसआरसी क्रमांकासकट, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ओळख क्रमांकासकट.

परतीला संबळाच्या दोऱ्या पणजीतच सोडल्या. ओल्या हवेत काळी चारपर्यंत आवळलेलं कातडं घाट चढून देशावर आलं की तसंच ताठत जातं आणि कराडच्या आसपास कधी फाटलं ते गाडीत कळतही नाही. पुढचे कार्यक्रम जानेवारीत, नागपूर आणि वर्धा. थंडी आणि कोरडी हवा. तिकडे ड्रायर लागणार नाही. ओलं फडकं आणि शेळीच्या कातड्याची एक जादा जोडी लागेल.