बोपदेवच्या मुरमावर कार्बनची बाईक

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर मी नुसती हवा भरत आणि सोडत होतो. मामेभावाची, म्हणजे दादाची, कार्बन फायबरची फुल सस्पेन्शन बाईक, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली डोंगरी सायकल, त्याच्या बदलीमुळे सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. मागचं चाक १५० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं, पुढचं १६०, चाकं २९ इंची. इतकी वर्षं मी ॲल्युमिनियमच्या हार्डटेलवर, म्हणजे मागे शॉक नसलेल्या सायकलवर, फिरलो, त्यामुळे बसल्या बसल्या मऊ वाटेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ती दगडासारखी कडक लागली. कारण साधं होतं. दादा माझ्यापेक्षा बारा किलोंनी जड आहे आणि शॉकमध्ये हवा त्याच्या वजनाची होती.

अशी बाईक कुणाकडून घेतली, भाड्याने आणली किंवा नवी विकत आणली, तरी पहिलं काम सॅग बसवायचं, म्हणजे आपण बसल्यावर वजनाने शॉक किती दबतो ते ठरवायचं. हेल्मेट, गुडघ्याची पॅडं, पाण्याने भरलेली सॅक असं सगळं अंगावर चढवून भिंतीला हात टेकत बसायचं, शॉकवरची रबरी रिंग खाली सरकवायची, अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजायचं. या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो पूर्ण दबतो ती लांबी, ६० मिलिमीटर आहे, त्याच्या तीस टक्के म्हणजे १८. माझी रिंग १२वर थांबली होती. शॉक पंपाने थोडी थोडी हवा सोडत चौथ्या खेपेला १८वर आणली. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत येण्याचा वेग, तोही दोन क्लिक मोकळा केला, कारण हवा कमी केली की शॉक सावकाश परततो.

रविवारी पहाटे पाचला एका सोबत्याबरोबर कोथरूडहून पुण्याजवळच्या बोपदेव घाटाकडे निघालो. गाडीच्या मागच्या रॅकवर बाईक नेणार असाल तर एवढं कराच: फ्रेमच्या नळीला पकडणारा रॅक वापरू नका. कार्बनची नळी बाजूने दाबली की आतून तडकू शकते आणि बाहेर खूणही दिसत नाही. चाकांना धरणारा रॅक बरा. मी सरळ मागची सीट पाडून, पुढचं चाक काढून, खाली जुनी गोधडी अंथरून आत ठेवली.

कोंढव्यातून येवलेवाडीपर्यंतचा रस्ता सहाच्या आत पार करावा. नंतर डंपर आणि टँकर सुरू होतात आणि सायकलवाल्याला कडेचा फूटभर रस्ताही मिळत नाही. घाटाच्या पायथ्याला गाडी लावली. बोपदेवचा चढ फार लांब नाही, पण वरची वळणं अंगावर येतात. इथे शॉकचा लिव्हर चढासाठीच्या कडक बाजूला फिरवा. डांबरावर शॉक मोकळा ठेवलात तर प्रत्येक पॅडलला बाईक खालीवर डुलते आणि मांड्यांतली ताकद वाया जाते. पुढे ३२ दात, मागे सगळ्यात मोठी ५२ची गिअरचकती, त्यामुळे पंधरा किलोंची बाईकही न उतरता वर आली. कार्बन म्हणजे हलकी असा समज असतो. जोरात उतरण्यासाठी बनवलेल्या बाईकमध्ये ते वजन जाड टायर, मोठे ब्रेक आणि ड्रॉपर (चालवता चालवता सीट खाली-वर करणारा सीटपोस्ट) परत भरून काढतात. कार्बनचा फायदा मला नंतर उतारावर कळला.

माथ्यावर पावणेसात. गवत पिवळं पडू लागलेलं, खाली पुण्यावर धूसर थर. उजाडायच्या आधी किंवा अंधार पडल्यावर मात्र इथे एकट्याने थांबू नका. आम्ही दोघं होतो आणि ते बरंच झालं.

कानिफनाथाच्या देवळाकडे रविवारी गाड्यांची रांग लागते. देवळाचं ते एवढंसं दार, ज्यातून सरपटत आत जावं लागतं, ते बघायचं असेल तर आधी दर्शन घ्या. दुपारी नको. आम्ही ते सोडून पठाराच्या पुण्याकडच्या कडेने निघालो. पठारावरच्या पायवाटा गुराख्यांच्या आहेत. मध्येच बांध, मध्येच काळ्या कातळाचे उघडे पट्टे, आणि उतार लागला की त्या कातळावर सुटा मुरूम. हा मुरूम फसवा. चाकाखाली गोट्या ठेवल्यासारखा सरकतो आणि पुढचा ब्रेक दाबला की संपलंच.

शेळ्या घेऊन निघालेले एक बाबा भेटले. बाईककडे बघून म्हणाले, "ह्या वाटंनं खाली जाऊ नका. पावसात वाट खचलीया. त्या सोंडेवरनं जावा, बांधाच्या कडंकडंनं." मोबाइलवरच्या नकाशात आमची वाट सरळ खचलेल्या भागातून जात होती. वर निघाल्यावर भेटेल त्या गुराख्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. शेळ्या दिसल्या की उतरून चालत जा, घंटी वाजवू नका, त्या बिथरतात.

सोंडेवर सीट खाली टाकली आणि बाईक सोडली. इथे ती बोलायला लागली. हार्डटेलवर मागचं चाक दगडाला लागलं की बाईक उडते आणि आपण हवेत कुठे पडू याचा अंदाज घेत बसतो. इथे मागचं चाक दगडावरून निघून जात होतं आणि माझे पाय पॅडलवर तसेच. फ्रेम पिळवटत नाही, पण बारीक थरथर हाताला पोचत नाही. वजन पुढच्या चाकावर ठेवून, नजर वीस फूट पुढे, ब्रेक वळणाच्या आधी आटोपून घेतला की ती स्वतःच वाट काढते.

आणि मग एका कातळाच्या धारेला मागचा टायर घासला. फस्स असा आवाज, पोटरीवर सीलंटचे (बिनट्यूबच्या टायरमध्ये छिद्रं बुजवायला घालतात त्या द्रवाचे) पांढरे शिंतोडे, आणि त्याच क्षणी चाकाने उडवलेला दगड डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, टक् करून बसला. टायरची बाजू सेंटिमीटरभर फाटली होती. भोक बुजवायचा रबरी प्लग दोनदा घातला, दोन्ही वेळा सुटला. बाजूच्या पातळ कापडात प्लग टिकत नाही. शेवटी ट्यूब घातली. त्याआधी टायर आतून कापडाने पुसून चाचपला तर बाभळीचे सात काटे निघाले. सीलंट होतं म्हणून त्यांचा इतके दिवस त्रास नव्हता. तसेच राहिले असते तर ट्यूब पाच मिनिटांत गेली असती. फाटलेल्या जागी रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापून आणलेला तुकडा आतून लावला. हा तुकडा सॅकमध्ये ठेवाच.

फ्रेमचं काय, या विचाराने हात थरथरत होते. दादाला फोन लावला. तो आधी म्हणाला, "तुला लागलं नाही ना?" मग म्हणाला, "नाणं घे आणि वाजवून बघ." दोन रुपयांचं नाणं डाउनट्यूबवर वरपासून खालपर्यंत वाजवत गेलो. धड कार्बन टणटण खणखणीत वाजतो. आतले थर सुटले असतील तर त्या जागी आवाज बद्द होतो. सगळीकडे सारखा आवाज आला. दगड संरक्षक फिल्मवर बसला होता, फक्त तिथे टवका गेला होता. तरी घरी उजेडात भिंगाने बघितलं. तडा दिसला असता, किंवा एका जागीही आवाज बदलला असता, तर मी ती पुन्हा चालवली नसती. अशी फ्रेम न चालवता जाणकाराकडून तपासून घ्यावी.

खाली उतरून हळूहळू गाडीपर्यंत आलो. चहावाल्याच्या शेजारी सीताफळांच्या पाट्या होत्या, हंगाम संपत आलेला. चार घेतली.

चूक माझी होती, हे मोकळेपणाने सांगतो. मागे हलक्या कापडाचा टायर होता, हवा २३ पीएसआय. पुढे ती चालते, पण मागे आपलं निम्म्याहून जास्त वजन आणि खाली सह्याद्रीचा बसाल्ट. आता मागे जाड बाजूंचा टायर चढवला आहे आणि हवा २७. सीलंट पुण्याच्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून घालत राहा. सीटपोस्ट आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट ठरलेला जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने घट्ट करा, हाताच्या अंदाजाने नको. आणि परतल्यावर सर्व्हिस स्टेशनच्या जोराच्या फवाऱ्याने पिव्हॉट, म्हणजे फ्रेमचे हलते सांधे, धुऊ नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बादली, मऊ ब्रश, फडकं पुरे.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मात्र अशी बाईक या वेगाने नेऊ नका. तिथे सकाळ-संध्याकाळ आजी-आजोबा आणि मुलं चालत असतात. पुढच्या रविवारी पुन्हा बोपदेवलाच जाणार आहे, बाबांनी दाखवलेल्या सोंडेवर.