'अप'ची कार्डं : सातवा महिना

मंडळी, मागची नोंद लिहिली तेव्हा खोक्यात 140 कार्डं होती, आज 212 झाली. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजीतलं 'अप' जिथं भेटेल तिथून उचलायचं, एका कार्डावर एकच वापर लिहायचा आणि तिथं 'वर' हा अर्थ खरंच आहे का ते तपासायचं.

या महिन्यात नवी कार्डं लिहिण्यापेक्षा जुनी निवडण्यात जास्त वेळ गेला. मी सगळ्यांना सरसकट शब्दयोगी अव्यय म्हणत होतो, ते चुकीचं होतं. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. 'रन अप द हिल' मधलं 'अप' टेकडीचं आहे. टेकडीच्या जागी 'इट' ठेवलं तर 'रन अप इट' होतं. 'लुक अप द वर्ड' मधलं 'अप' मात्र क्रियापदाचं आहे, म्हणून तिथं 'लुक इट अप' असंच म्हणावं लागतं, 'लुक अप इट' चालत नाही. ही कसोटी घेऊन दोन रविवार बसलो. खरी शब्दयोगी अव्ययं निघाली फक्त 19. टेकडी, जिना, नदी, शिडी, रस्ता. बाकी सगळी क्रियापदांच्या पदराला धरून चालणारी.

त्या बाकीच्यांत सर्वात मोठा गठ्ठा 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'क्लीन अप' यांचा. इथं वर काहीच जात नाही. इतके महिने मी या कार्डांच्या मागे 'पूर्णपणे' एवढंच लिहीत आलो होतो, आणि समाधान होत नव्हतं. मग परवा रात्री जेवताना आईनं भाच्याला म्हटलं, "वरण उरवू नकोस, खाऊन टाक." हात थांबला माझा. टाकायचं कुठं आहे? पोटात तर घालायचंय! आपलं 'टाकणे' तिथं फेकण्याचं काम करतच नाही, ते क्रिया शेवटाला नेतं. 'ईट अप' मधलं 'अप' नेमकं हेच करतं.

पडताळा घेतला. 'तासभर खात होतो' हे बरोबर, 'तासभर खाऊन टाकलं' हे कानाला खटकतं. इंग्रजीतही तासभर 'ईट' चालतं, तासभर 'ईट अप' चालत नाही. क्रियेला काठ आला की तिला असं लांबवता येत नाही, दोन्ही भाषांत. परीक्षेच्या वर्गात 'टाईम इज अप' म्हणतात तेही याच घरातलं: वेळ संपून गेली.

जोडी सगळीकडे जुळते असं मात्र नाही. 'सांगून टाक' मधल्या 'टाक' मध्ये मनावरचं ओझं उतरवणं आहे, 'स्पीक अप' मध्ये आवाज चढवणं आहे. माझं सर्वात आवडतं कार्ड 'गिव्ह अप'चं. आपण म्हणतो 'सोडून देणे'. इंग्रजीत 'देणे' हे मुख्य क्रियापद आणि 'अप' मदतनीस, आपल्याकडे 'सोडणे' मुख्य आणि 'देणे' मदतनीस. एकाच अर्थासाठी दोन्ही भाषांनी 'देणे' हाती घेतलं, पण एकीनं त्याला गादीवर बसवलं आणि दुसरीनं दाराशी. या कार्डासाठी मी वेगळा रंग घेतलाय.

व्युत्पत्तीच्या कप्प्यातही या महिन्यात भर पडली. 'अप' आणि आपलं संस्कृत 'उप' एकाच प्राचीन मुळाचे आहेत. ग्रीक 'हायपो' आणि लॅटिन 'सब' हीही त्यांचीच भावंडं. त्या मुळात 'खाली' आणि 'खालून वर' असे दोन्ही अर्थ होते, म्हणून एका भाषेत ते वर गेलं आणि दुसरीत खाली राहिलं. इंग्रजी 'सबर्ब' आणि मराठी 'उपनगर' शेजारी ठेवून बघा, आरंभीचा तुकडा एकाच घराण्यातला. आपलं 'वर' आलं 'उपरि' मधून, आणि त्या 'उपरि'चं इंग्रजीतलं नातं 'ओव्हर'शी लागतं.

आता रेल्वे. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी गाडी अप, मग नकाशात लंडन वर असो की खाली. तीच रीत इथं आली आणि मुंबईकडे जाणारी गाडी अप ठरली. म्हणून सकाळी पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन अप. मागच्या आठवड्यात तिनंच गेलो, मुद्दाम खिडकी धरून. खंडाळा सोडलं की गाडी बोर घाटात शिरते. हा मार्ग 1863 साली सुरू झाला, आणि चढ एवढा की 37 मीटर अंतराला 1 मीटर उंची. गाडी ब्रेक धरून उतरत राहते, बोगद्यांमागून बोगदे जातात, कर्जत येईपर्यंत कानात दडे बसतात. खाली, खाली, खाली, आणि वहीत मी लिहितोय 'अप'. 'वर' म्हणजे उंची नव्हे, मान, हे मला त्या खिडकीत पटलं. ऑक्सफर्डला शिकायला जाणंही 'गो अप' असतं आणि तिथून काढून टाकणं 'सेंड डाऊन'. त्याच कप्प्यात ठेवलं.

करमणुकीच्या कप्प्यात मला सर्वात जवळचा शब्द 'अपस्टेज'. जुन्या युरोपीय रंगमंचाला प्रेक्षकांकडे उतार असायचा, त्यामुळे मागची बाजू खरोखरच वर. आपल्याकडे बहुतेक रंगमंच सपाट, तरी तालमीत 'अपस्टेजला जा' म्हटलं की नट मागे सरकतो. एखादा नट असा मागे सरकून बोलू लागला की समोरच्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, आणि त्यातूनच दुसऱ्यावर कुरघोडी करण्याला 'अपस्टेज करणं' म्हणू लागले. शूटिंगमधले 'टचअप' आणि 'पॅकअप' आले, गाडीला नसलेला 'पिकअप' आला, पोलिसांचं 'लॉकअप' आलं.

शीर्षकांत 'अप' एकटं उभं राहिलं ते पिक्सारच्या 2009 च्या चित्रपटात. कान महोत्सवाचं उद्घाटन करणारा तो पहिला ॲनिमेशनपट. तिथं मात्र फुगे घराला खरंच वर नेतात. त्याहून मला ब्रिटिश माहितीपट मालिका मोठी वाटते: 1964 मध्ये 'सेव्हन अप!' मध्ये सात वर्षांची 14 मुलं दाखवली आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत गेले, 2019 मध्ये '63 अप' पर्यंत. या शीर्षकांतलं 'अप' वाढत्या वयाचं, आणि त्यासाठी मला स्वतंत्र कप्पा करावा लागला. एक मूल वाढून आजोबा होईपर्यंत एका अव्ययानं सोबत करावी, याहून मोठा वापर माझ्या खोक्यात नाही.

न सुटलेली कार्डं अकरा. 'स्लो अप' आणि 'स्लो डाऊन' दोन्हींचा अर्थ वेग कमी करणं. कागद 'बर्न अप' होतो, घर 'बर्न डाऊन' होतं. घर कोसळतं म्हणून डाऊन, असं मी सध्या लिहून ठेवलंय. 'आय अ‍ॅम अप फॉर इट' आणि 'आय अ‍ॅम डाऊन फॉर इट' दोन्ही म्हणजे 'मी तयार आहे', याचं उत्तर कुणापाशी असेल तर जरूर कळवा.

पुढच्या महिन्यापासून 'डाऊन'चं खोकं उघडतोय. पहिलं कार्ड लिहून झालं: घाट चढून पुण्याला येणारी संध्याकाळची डेक्कन क्वीन.