तुम्ही विचारलंत म्हणून : ट्युबा वाजवताना हसू का येत नाही?

कार्यक्रम संपून मी माझ्या ट्युबातलं, म्हणजे बँडमध्ये सगळ्यात खालचा सूर देणाऱ्या मोठ्या पितळी भोंग्यातलं, पाणी काढत असतो, तेवढ्यात कुणीतरी मंचाजवळ येतं. "काका, सारे पोट धरून हासून राह्यले, अन् तुमाले हासू नाही येत का जी?" नागपूरकडचे पाहुणे हेच जरा शुद्ध भाषेत विचारतात. आज सविस्तर सांगतो.

लोक ज्यावर हसतात तो आमच्या बँडचा विनोदी तुकडा काय आहे, ते आधी सांगतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार हा नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री नाटक. नाटकाआधी आमचा बँड मंचावर खुर्च्या मांडून बसतो. जोरकस मार्च, म्हणजे कवायतीच्या चालीची धून, सुरू होतो. ट्युबा खालून ढुम्-ढुम् ठेका धरतो आणि हळूहळू त्याला डुलकी लागते. ठेका विरळ होतो, मग घोरणं सुरू होतं. बँडमास्तर चिडून हात खाली आणतो, सगळा बँड एकदम थांबतो. ट्युबा दचकून जागा होतो आणि मार्चचा शेवटचा सूर एकटाच, भरदार, भलत्या जागी वाजवतो.

त्या वेळी हसायला मला सवडच नसते. माझ्या ट्युबाची नळी सरळ केली तर अठरा फुटांच्या आसपास भरेल. एवढ्या नळीतली हवा हलवायची तर खालचा सूर ओठ लावल्या-लावल्या उमटत नाही. तो वेळेवर ऐकू यायला हवा असेल तर श्वास आणि जीभ किंचित आधी कामाला लावावी लागते. ओठांची पकड थोडी सैल झाली तरी सूर फाटतो, आणि हसू आलं की पहिले ओठच सैल होतात. घोरण्याचा आवाज पिस्टन, म्हणजे सूर बदलायच्या कळा, अर्धवट दाबून काढतो. त्यात सूर गुदमरतो, घसरतो. तोही मार्चच्या पट्टीतच घसरला पाहिजे, नाहीतर लोकांना नुसता बेसूर ऐकू येतो.

थंडीचं तर वेगळंच. पौषातल्या रात्री पितळ गारठतं आणि सूर उतरतो. हार्मोनियम मात्र आपल्या जागी ठाम. म्हणून मंचामागे मी नुसती गरम फुंकर मारत बसतो, आवाज न काढता. उन्हाळ्यातल्या लग्नात नेमकं उलटं होतं, सूर चढतो, मग ट्युनिंगची, म्हणजे सूर जुळवायची, नळी बाहेर ओढून ठेवावी लागते.

पण खरं कारण याच्याही पुढचं आहे. त्या तुकड्यातल्या ट्युबाला काहीच गमतीचं वाटत नसतं. तो थकलाय, त्याला झोप आलीय, आणि जाग आल्यावर आपलं काम पुरं करायची त्याला मनापासून घाई आहे. हे मी खरं मानलं तरच लोक ते खरं मानतात. झाडीपट्टीतले जुने विनोदी नट पाहा. समोर हजारो माणसं लोळत असतात आणि नट मात्र हरवलेल्या बकरीच्या काळजीत बुडालेला. मी हे त्यांच्याकडूनच शिकलो, पोलीस बँडमध्ये नोकरीला लागण्याच्याही आधी.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे बँड थांबल्यावरची शांतता. बँडमास्तरचा हात खाली गेला की पुढे तरटावर बसलेली पोरं आधी हसतात, मग बायांची बाजू, मग मागे ट्रॅक्टरवर बसलेली मंडळी. हशा मागपर्यंत पोचून उतरायला लागला की मी श्वास घेतो. आधी वाजवलं तर सूर हशात बुडतो. उशीर केला तर लोकांना वाटतं, गडी विसरला. ती वेळ कागदावर लिहिता येत नाही, दर गावी वेगळी निघते.

काही बँडवाले याच वाद्यातून घाणेरडे आवाज काढून टाळ्या घेतात. मला ते पटत नाही. १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेश्ट हा बँडप्रमुख आणि मोरित्झ हा वाद्य बनवणारा कारागीर यांनी ट्युबाचं पेटंट घेतलं, ते लष्करी बँडला खालून भक्कम सूर मिळावा म्हणून. लंडनमध्ये गेरार्ड हॉफनुंग हा व्यंगचित्रकार स्वतः ट्युबा वाजवायचा. १९५६ साली त्याने रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विनोदी संगीताचा महोत्सव भरवला. त्यासाठी माल्कम अरनॉल्ड या इंग्रज संगीतकाराने लिहिलेल्या रचनेत पूर्ण वाद्यवृंदाबरोबर तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी घासायचं यंत्र आणि चार बंदुका होत्या, आणि त्यांचं वादन रीतसर स्वरलिपीत लिहिलेलं होतं. विनोदाला एवढी शिस्त लागते.

आणि ट्युबा फक्त हसवतो असंही नाही. मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराच्या पियानोसाठीच्या रचनेत एक बैलगाडी आहे. रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराने १९२२ साली ती वाद्यवृंदासाठी मांडली तेव्हा गाडीची धून ट्युबाला दिली. गाडी लांबून येते, जवळून जडपणे जाते, लांब निघून जाते. धानाचे भारे वाहणारी गाडी ज्याने पाहिलीय त्याला ही धून कुणी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून आमच्या तुकड्यात जाग आल्यावर मी एक संथ धून ठेवली आहे. साथीला कुणी नाही, नुसता ट्युबा. नुकतेच हसलेले लोक ती फार चांगली ऐकतात. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशीच घोरणं शिकवा म्हणतात. मी त्यांना आधी ही धून देतो. ती एका दमात सरळ वाजली की घोरायला शिकवतो.