पेडलबोर्ड, नोंद पाचवी: दादऱ्यात बसणारा डिले

मागच्या नोंदीत माझ्या पेडलबोर्डावर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेडलं बसवलेल्या फळीवर, चार पेडलं बसली होती आणि दोन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्या दोन्ही आता भरल्या. मधे साडेतीन महिने गेले, एक डिले (वाजवलेला स्वर थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं पेडल) विकत घेऊन परत विकला आणि सगळा पॉवर सप्लाय बदलावा लागला. कुठलं पेडल का घेतलं आणि कुठलं का नाही, हे डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडक्यात. गिटार स्ट्रॅटोकास्टर, तीन सिंगल कॉइल. ॲम्प फेंडर ब्लूज ज्युनिअर, १५ वॅटचा. त्याला इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या आत, मधल्या टप्प्यावर पेडलं जोडायची सोय) नाही, त्यामुळे सगळी पेडलं इनपुटच्या आधीच लावायची. रिव्हर्ब ॲम्पमध्येच आहे, खऱ्या स्प्रिंगचा, आणि तो मला मनापासून आवडतो, म्हणून रिव्हर्ब पेडलचा विषय पहिल्याच नोंदीत मिटला. बोर्डावर बॉसचा टीयू-३ ट्यूनर, आयबनेझचा टीएस९ (थोडी खरखर देणारा ओव्हरड्राइव्ह), रॅट २ (जास्त खरखरीचा डिस्टॉर्शन) आणि बॉसचा सीई-२डब्ल्यू कोरस (आवाज लहरवणारा). बोर्ड घरीच केलेला: अठरा बाय बारा इंची, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या प्लायच्या बाजू.

वाजवतो आम्ही चौघं. गायिका, तबला, बेस आणि मी. जुनी भावगीतं आमच्या पद्धतीने बसवतो, दोन-तीन चाली स्वतःच्या आहेत. कीबोर्ड नाही, व्हायोलिन नाही. मूळ गाण्यांत दोन ओळींच्या मधे व्हायोलिनचा ताफा जे काम करायचा, ते सगळं आमच्यात गिटारवर येतं. रिकाम्या दोन जागांचा प्रश्न खरा तिथे होता. स्वर लांबला पाहिजे आणि तो विरतानाही मागे काहीतरी राहिलं पाहिजे. फेजर, ट्रेमोलो, फझ हे सगळं मी यादीत लिहिलं होतं. ही गरज समोर ठेवली तेव्हा यादीत दोनच नावं राहिली, डिले आणि कॉम्प्रेसर. यातला फेजर, एमएक्सआरचा फेज ९०, मला आजही हवाहवासा वाटतो. १९७४ पासून एकाच नॉबवर चाललेलं ते पेडल आहे आणि त्याचा आवाज गोडच आहे. पण आमच्या बारा गाण्यांपैकी एकाही गाण्यात त्याला जागा सापडली नाही.

आधी डिले.

पहिला आणला एमएक्सआरचा कार्बन कॉपी. ॲनालॉग, म्हणजे आत बकेट ब्रिगेड चिप. आवाज एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात, असा हातोहात सरकत जातो, आगीच्या वेळी बादल्या पुढे देतात तसा. प्रत्येक फेरीत वरचे स्वर थोडे झिजतात, त्यामुळे प्रतिध्वनी मऊ आणि काळसर होत जातो आणि गाणाऱ्याच्या आवाजाच्या आड येत नाही. आवाजाबद्दल माझी आजही एक अक्षराची तक्रार नाही. केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालातल्या, गाण्यांत तो पहिल्या दिवसापासून बसला.

सहा मात्रांचा दादरा सुरू झाला की मात्र सगळं विस्कटायचं. बेसवाल्यालाही ते जाणवायचं, पण नेमकं काय चुकतंय ते कोणालाच सांगता येईना. शेवटी आमच्या तबलजीने एका रविवारी गाणं थांबवलं, मला एकच स्वर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वाजवायला लावला आणि स्वतः नुसता ठेका धरला. मग बोटावर मात्रा मोजत म्हणाला, "अरे, तुझा आवाज तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर येतोय. चौथीवर काहीच नाही. माझी खाली मोकळी पडतीये."

खाली म्हणजे तालाच्या दुसऱ्या अर्ध्याची पहिली, बिनटाळीची मात्रा; दादऱ्यात ती चौथी. हिशेब असा. आमचं ते गाणं मिनिटाला साधारण २०० मात्रांच्या लयीत आहे. ६०,००० ला २०० ने भागलं की एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची. कार्बन कॉपीची मर्यादा ६०० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर दोन मात्रा. केरवा आठ मात्रांचा, त्यात दोन-दोन मात्रांची उडी छान बसते: एक, तीन, पाच, सात, आणि पाच म्हणजेच खाली. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. त्यात दोनच्या उड्या मारल्या की प्रतिध्वनी एक, तीन, पाचवर पडतो आणि ठेक्याच्या छातीतून आडवा जातो. मुद्दाम आड वाजवायचं असेल तर गंमत येईल, पण गायिका शब्द टाकत असताना नको. एका मात्रेवर, ३०० वर, ठेवून पाहिला तर प्रत्येक मात्रेवर स्वर, नुसती गर्दी. मला हवी होती तीन मात्रांची उडी, सम ते खाली, खाली ते सम. म्हणजे ९०० मिलिसेकंद. हे त्या पेडलच्या आवाक्यातच नव्हतं.

डिले निवडताना सगळे ॲनालॉग की डिजिटल यावर बोलतात. आपण जे वाजवतो त्याच्या लयीला किती मिलिसेकंद लागतात, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. तुम्ही चार चारच्या गाण्यांत १०० बीपीएमच्या वर वाजवत असाल तर एका ठोक्याला ६०० पुरतात. दादरा, रूपक, संथ ठुमरीच्या अंगाचं काही असेल तर पुरत नाहीत. बॉसचा डीएम-२डब्ल्यू मी ऐकला, अतिशय सुंदर आहे, पण तो जुन्या पद्धतीत ३०० आणि कस्टमवर ८०० पर्यंतच जातो. ९०० ला तोही कमीच.

म्हणून शेवटी बॉसचा डीडी-८. तो डिजिटल आहे, दहा सेकंदांपर्यंत जातो आणि वेगळा फूटस्विच जोडून टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन डिलेची लय ठरवणं) देता येतो. मोड ॲनालॉगवर ठेवतो. कार्बन कॉपीइतका दाट नाही, पण चौघं वाजवत असताना फरक ऐकू येत नाही, हे मी डोळे मिटून, बेसवाल्याला पेडल बदलायला लावून तपासलं. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी किती वेळा परत येणार ते, इतकाच की दुसरा प्रतिध्वनी ऐकू यावा आणि तिसरा जेमतेम. ई लेव्हल, म्हणजे प्रतिध्वनीच्या आवाजाचा नॉब, घड्याळातल्या दहावर. टॅप मी पायाने फक्त समेवर आणि 'खाली'वर देतो. तबलजी लय थोडी चढवतो तेव्हा पुढच्या अंतऱ्याआधी पुन्हा दोनदा पाय टाकला की झालं. त्या रविवारनंतर दादऱ्यात पहिल्यांदा 'खाली'वर माझा मागचा स्वर अलगद येऊन बसला तेव्हा तबलजीने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. ती मान मला साडेतीन महिन्यांनी मिळाली.

कॉम्प्रेसरचं ठरायला कमी वेळ लागला. मींड घेताना, म्हणजे तार ओढून गंधारावरून पंचमापर्यंत जाताना, पंचमावर पोचेपर्यंत सिंगल कॉइलचा स्वर अर्धा मेलेला असायचा. टीएस९ लावला की लांबतो, पण सोबत खरखर येते आणि मला ती प्रत्येक ठिकाणी नको. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळीच पातळी वर आणतो, त्यामुळे विरत जाणारा स्वर जास्त वेळ कानावर राहतो. पण तोच दाब नखीचा पहिला ठोकाही खातो. बोटाने छेडलेल्या तारेतलं बोट नाहीसं होतं. म्हणून ब्लेंडचा नॉब असलेलाच घ्यायचा हे पक्कं होतं: मूळ आवाज आणि दाबलेला आवाज दोन्ही मिसळता येतात, ठोका मुळातून येतो आणि लांबी दाबलेल्यातून. झोटिकचा एसपी कॉम्प्रेसर सेकंडहँड मिळाला. रुंदीला चार सेंटिमीटरही नाही, तेव्हा बॉसच्या ७३ मिलिमीटरच्या पेडलांच्या रांगेत उरलेल्या फटीत बसला. ब्लेंड अर्ध्याच्या किंचित पुढे, वरचा स्विच मधल्या जागी.

व्हॉल्यूम पेडल घे, असंही दोघांनी सुचवलं होतं. सारंगीसारखा स्वर हळूच उगवायला ते उपयोगी पडतं हे खरं, पण स्ट्रॅटचा व्हॉल्यूम नॉब करंगळीपासून बोटभर अंतरावर आहे. ते काम करंगळी करते.

आता पॉवर. कोणी घाईने बोर्ड पूर्ण करत असेल तर हा भाग जरूर वाचा.

चार पेडलं मी एकाच नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर, एका वायरला पाच-सहा पिना असलेल्या माळेवर चालवत होतो. कधी त्रास झाला नाही. डीडी-८ त्याच माळेत लावला आणि रॅट चालू केला की बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, कुकर शिट्टीवर यायच्या आधी करतो तशी. करंट कमी पडतोय असं वाटून बेरीज केली. टीएस९ आणि रॅट दोघं मिळून वीस मिलिॲम्पसुद्धा खात नाहीत, सगळ्यात जास्त खाणारा डीडी-८, तोही साधारण ६५. सगळं मिळून दीडशेच्या आत. अडॅप्टर एक ॲम्पचा. म्हणजे करंट भरपूर होता. शिट्टी येत होती ती डिजिटल पेडलमधल्या क्लॉकची, म्हणजे चिपला ठोके देणाऱ्या सर्किटची. एकच पॉवर आणि एकच ग्राउंड सगळ्यांना सामायिक असल्यामुळे ती मागल्या दाराने रॅटमध्ये शिरत होती, आणि रॅटचं तर कामच मिळेल ते शेकडो पट मोठं करायचं. डीडी-८ला तात्पुरता वेगळा अडॅप्टर लावला, शिट्टी गेली. त्यानंतर सगळे आउटपुट एकमेकांपासून खरोखर वेगळे असलेला आयसोलेटेड सप्लाय घेतला. खोक्यावर नुसते आठ आउटपुट असून भागत नाही. ते आतून एकमेकांना जोडलेले असले तर ती माळच असते, फक्त डब्यात घातलेली.

शिट्टी गेली तरी तालमीच्या हॉलमध्ये गुणगुण राहिली होती आणि तारांना हात लावला की कमी व्हायची. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं की भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. हा आवाजापुरता प्रश्न नाही. तारा ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात. अर्थ नसताना हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. आमची गायिका मधेच तानपुऱ्यासारखी माझी गिटार छेडते, मला तेच आधी आठवलं. हॉलवाल्यांनी आठवड्यात वायरमन बोलावून ते करून घेतलं. आता नव्या जागी गेलो की पेडलं काढायच्या आधी मीटर काढतो: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य.

पॅच केबल घरीच केल्या. तपकीर गल्लीतून चपटे जॅक आणि सोल्डर आणलं, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घरात होतंच. पहिल्या दोन केबल चालल्या पण आवाज दबलेला येत होता. वायर पुन्हा सोलली तेव्हा सापडलं: गिटारच्या केबलमध्ये जाळीच्या आत एक काळा पातळ थर असतो, आणि तो दिसायला प्लॅस्टिकसारखा असला तरी वीज वाहतो. तो मधल्या तारेच्या टोकापर्यंत तसाच राहिला की सिग्नल थोडा थोडा ग्राउंडला झिरपतो. नखाने तो पाच मिलिमीटर मागे सोलून काढला, पांढरं इन्सुलेशन स्वच्छ दिसू लागलं, मग डाग दिला. आवाज लख्ख. मीटरची बीप यातली चूक दाखवत नाही, कारण पूर्ण शॉर्ट नसतोच.

सध्याचा क्रम: गिटार, टीयू-३, एसपी, टीएस९, रॅट, सीई-२डब्ल्यू, डीडी-८, ॲम्प. ट्यूनर पहिला ठेवण्याचं कारण त्याचा बफर, म्हणजे लांब केबलमधूनही सिग्नल शाबूत ठेवणारं सर्किट. गिटारपासून बोर्डापर्यंत सहा मीटर आणि तिथून ॲम्पपर्यंत सहा मीटर केबल आहे. बफर नसता तर वरचा खणखणीतपणा वाटेतच गेला असता. पुढे फझ आला तर हा क्रम मोडेल, कारण जुन्या धाटणीच्या फझला आपल्या आधी बफर चालत नाही.

रॅटचा फिल्टर उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की आवाज काळा होतो, हे विसरू नका. मी घड्याळातल्या दोनवर ठेवलाय आणि डिस्टॉर्शन नऊवर. नॉबच्या जागांवर पांढऱ्या पेन्सिलीच्या खुणा केल्या आहेत.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. कोरस डिलेच्या आधी ठेवला की प्रतिध्वनीही तसेच लहरतात, नंतर ठेवला की सगळं मिळून एकदम लहरतं आणि दादऱ्यातली 'खाली'वरची ती टोचणी थोडी बोथट होते. सध्या आधी आहे. पुढचे दोन रविवार उलटा लावून पाहणार आहे. कोणी तालावर वाजवताना हे दोन्ही करून पाहिलं असेल तर गाण्याची लय आणि डिलेच्या मात्रा किती ठेवल्या होत्या, तेवढं जरूर सांगा.