डॉफर मामा

२०२० च्या जुलैमध्ये मी मुंबईतल्या एका कोविड वॉर्डात सिस्टर होते. पीपीई चढवायची खोली वेगळी, उतरवायची वेगळी. दारांवर पाट्या: ‘डॉनिंग’ आणि ‘डॉफिंग’. पहिल्या आठवड्यात माझाच गोंधळ व्हायचा, मग मामा-मावश्यांचं काय!

खरा धोका उतरवताना. बाहेरचे हातमोजे, मग कव्हरऑल, म्हणजे अंगभर सूट, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग गॉगल. मास्क सगळ्यात शेवटी, तोही पुढून हात न लावता, मागचे पट्टे धरून. दर टप्प्याला सॅनिटायझर. सहा तास घामात भिजलेल्या माणसाकडे एवढा धीर कुठला?

त्या दिवशी निवृत्तीला टेकलेले एक वॉर्डबॉय मामा आत आले. गॉगल ओढला आणि हात थेट मास्ककडे! मी काचेपलीकडून ओरडले, “मामा, थांबा! डॉफिंगला घाई करायची नाही!”

हात हवेतच राहिला. म्हणाले, “सिस्टर, डॉफिंग मला शिकवताय? मी डॉफर होतो.”

१९८१ साली, गिरणगावात, बदली डॉफर, म्हणजे कायम कामगार नसेल त्या दिवशीचा. रिंग फ्रेम म्हणजे सूत कातायचं यंत्र. त्यावरच्या बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, भरल्या की यंत्र थांबणार. पोरांनी धावत जाऊन भरलेल्या उपसायच्या, रिकाम्या खोचायच्या. “जरा उशीर झाला की जॉबरच्या, मुकादमाच्या, शिव्या. घाई तिथलीच लागलीय हाताला.” १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी सुटली ती कायमची.

पुढे क्वारंटाइनमध्ये हॉटेलच्या खोलीत वेळच वेळ. मोबाइलवर शब्द शोधला. ‘डू ऑफ’चं आखडून ‘डॉफ’, ‘डू ऑन’चं ‘डॉन’. इतकं साधं! ज्युलिएट रोमिओला ‘नाव उतरवून ठेव’ म्हणते, ते याच क्रियापदानं. १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात डॉ. सॅम्युअल जॉन्सननं मात्र हा शब्द मोडीत काढला. म्हणे, आता खेडवळ लोकच तो वापरतात. साहेबांना काय ठाऊक, त्याच शब्दावर पुढे परळच्या पोरांची हजेरी लागणार होती!

ड्युटीवर परतल्यावर पाटीखाली मार्करनं मराठीत लिहिलं: ‘उतरवणे’. आत मामा एका नव्या पोराला शिकवत होते.

“भरल्या बॉबिनचा डबा वेगळा, रिकाम्यांचा वेगळा. तसंच इथं. मोजे लाल पिशवीत, मास्क पिवळ्या. अरे, सावकाश! इथं जॉबर नाही.”