अर्धी वाटी रस

सोलकढी एकट्यापुरती करता येते, पण नारळ काही एकट्यापुरता मिळत नाही. एक बऱ्यापैकी नारळ खवला, कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढला आणि पंचात घालून पिळला, की पहिला जाड रसच वाटीभर निघतो. मागून दुसरा, मग तिसरा, पातळ. कंटाळा केला तर दुकानातलं पाकीट असतं, तेही २०० मिलीचं. मला हवी असते एक पेलाभर कढी. घरातलं दुसरं माणूस कोल्हापूरचं. नारळाचं दूध हे तापातून उठलेल्यांना द्यायचं अन्न आहे, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे आमच्याकडे अर्धी वाटी रस कायम उरलेला.

माझ्या मालवणच्या आजीकडे तो कधी उरायचा नाही. ती आधी माणसं मोजायची, मग नारळ फोडायची. शिरवाळ्यांच्या, म्हणजे रसात बुडवून खायच्या तांदळाच्या शेवयांच्या दिवशी जास्त, एरवी कमी. ‘रस उरलो तर तुका मोजूक येणा नाय असा समज,’ हे तिनं मला विळीवर बसवून ऐकवलेलं आहे. उरायचीच तर कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग उरायचा. त्यातही डोळ्यांची कवड आधी संपवायची, कारण ती लवकर खराब होते. बाकीचे नारळ अख्खे, कोपऱ्यात, महिना-महिना निवांत पडून. साठवायचं काम नारळ स्वतःच करत होता. आपण फक्त कोयता आवरायचा.

फोडल्यावर मात्र त्याला दम नाही, आणि पिळल्यावर तर मुळीच नाही. मे महिन्यात सकाळी काढलेला रस ओट्यावर राहिला तर संध्याकाळी आंबूस. फ्रीजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी झाकण उघडून नाक जवळ न्यायचं आणि चेहरा कसा होतो त्यावर ठरवायचं. एवढं खवून, पिळून, मनगटं दुखवून काढलेला रस मोरीत ओतताना हात जड होतो. मग एकदा उरलेला रस काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिला. सकाळी बाटली उभी चिरलेली. पाण्याचा बर्फ होताना ते जवळजवळ नऊ टक्के फुगतं, हे शाळेत लिहून मी मार्क मिळवले होते. मटारच्या पिशवीवर सांडून गोठलेला रस खरवडताना ते आठवलं.

तेव्हापासून बर्फाचा ट्रे. माझ्या ट्रेच्या एका खणात दोन मोठे चमचे रस मावतो, म्हणजे चार खडे झाले की अर्धी वाटी. रात्री भरायचा, सकाळी दोन्ही हातांनी पिळायचा. कडकड आवाज करत खडे सुटतात. ते लगेच पिशवीत घालून हवा काढून बंद करायचे, नाहीतर शेजारच्या बांगड्याचा वास उचलतात. वर तारीख. दोन-तीन महिन्यांत संपवायचे आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाहीत. हे खडे बर्फासारखे चकचकीत नसतात. खडूसारखे पांढरे, आणि वरच्या बाजूला सायीचा किंचित पिवळसर थर.

एका रात्री नवऱ्याचा गुडघा पलंगाच्या कोपऱ्यावर आपटला. अंधारात त्यानं फ्रीजर उघडला, हाताला लागलेली पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि तासभर गुडघ्यावर धरून बसला. सूज उतरली. टॉवेल मात्र दोन धुण्यांनंतरही नारळीभातासारखा दरवळत होता. ‘माझ्या गुडघ्याला सोलकढी लावली हिनं,’ असं तो अजून पाहुण्यांना सांगतो. पिशवी त्यानंच काढली होती, हे गाळून.

पण गंमत अशी की ज्या सोलकढीसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच हे खडे चालत नाहीत. मी करून बघितली. खडे फ्रीजमध्ये वितळवले, आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट आंबट अर्क, घातलं, मिरची-लसूण ठेचून घातली. रंग तोच, सुरेख गुलाबी. पहिला घोट घेतला आणि जिभेवर रवा. टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं झालं. कारण उघड आहे. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. प्रथिनांनी त्यांना एकमेकांपासून लांब धरलेलं असतं. गोठताना बर्फाचे स्फटिक ते थेंब चेपून एकत्र आणतात. वितळल्यावर पाणी एकीकडे, स्निग्ध कण दुसरीकडे. त्यात खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं, मग गार कढीत ते कण विरघळणार कसे? गरम करून घुसळावं तर मिळून येतात, पण आंबट घातलेली कढी तापवली की फुटते. सोलकढीला ताजाच रस हवा. आजी तेवढ्यापुरती जिंकली.

मग पिशवी भरत गेली. अधूनमधून एखादा खडा उसळीत, दोन-तीन माशाच्या आमटीत. गरम आमटीत खडा टाकला की आधी बुडतो, मग वर येऊन कडेकडेनं विरघळतो आणि भोवती पांढरं वर्तुळ पसरतं. ते बघत मी उगाच उभी राहते.

दिवाळीनंतर सासूबाई आल्या. रविवारी मटण, म्हणजे तांबडा-पांढरा आलाच. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उकळत होतं, त्या खसखस-तीळ-काजू वाटत होत्या. ‘नारळ फोड,’ म्हणाल्या. घरात नारळ नव्हता. मी पिशवी पुढे केली. त्यांनी एक खडा उचलून उजेडात धरला, वास घेतला. ‘बरं हाय की. मी ढवळतो, तू एकेक सोड.’ आठ खडे गेले. आच मंद, डाव एका लयीत फिरत राहिला. रस घातल्यावर खळखळून उकळी आली तर रस्सा फुटतो, म्हणून त्यांनी नजर हलवली नाही. वर पांढरी मिरपूड. रस्सा एकजीव, कुठे कण नाही.

नवऱ्यानं तीन वाट्या ओरपल्या. चौथीला वाटी पुढे करत म्हणाला, ‘हे बघ, पांढरं असं पाहिजे. तुझ्या त्या नारळाच्या दुधासारखं मिळमिळीत नाही. काजूचा जोर आहे हा.’

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाकरी मोडत होत्या.

‘जेव गप,’ त्या म्हणाल्या आणि त्याची वाटी भरली.