अंधारातली चार मिनिटं : आमची वाटचाल

मी आणि माझा धाकटा भाऊ मनोरंजन पार्कांसाठी अंधारातून गाडीने बघायचे हलते देखावे बनवतो. सुरुवात मात्र बाबांपासून. बाबांचं वर्कशॉप नारायण पेठेत एका वाड्याच्या मागच्या पडवीत होतं. वर्षभर ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे. आषाढ लागला की ही सगळी कामं मागे पडायची आणि गणपतीच्या हलत्या देखाव्यांचा हंगाम सुरू व्हायचा. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊन बाबा गाड्यांच्या वायपर मोटरी निवडून आणायचे. बारा व्होल्टची ही मोटर आतल्या वर्म गिअरमुळे हळू फिरते, पण जोर भरपूर लावते. मोटरला कॅम, म्हणजे फिरताना सळईला पुढे-मागे ढकलणारी चकती, कॅमला सळई, सळईला राक्षसाचा दंड. कॅमचा आकार जरा बदलला की राक्षसाचा स्वभावच बदलतो, हे मी शाळेत असतानाच कानस चालवता चालवता शिकले.

तेव्हा प्रत्येक मंडळाला निवेदन हवं असायचं. भारदस्त आवाजातलं, चांगलं दहा-बारा मिनिटांचं. एका वर्षी बाबांनी मला मंडपाच्या कडेला उभं केलं आणि म्हणाले, "देखावा बघू नकोस, बघणाऱ्यांकडे बघ." मी घड्याळ लावून बघितलं. कार्यकर्ते "पुढे चला, पुढे चला" करत रांग हलवत होते. एका कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट यायचं. कुणी निवेदनाच्या मध्यात यायचं, कुणी शेवटाला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला एकही माणूस मला दिसला नाही. पण बापाच्या खांद्यावरचं पोर विचारायचं, "हा कोण?" आणि खालून उत्तर यायचं, "अफजलखान नाही का!" एवढ्यावर ज्याचं भागलं, तो देखावा चालला. जिथे समजावून सांगायला चार वाक्यं लागली, तिथून रांग पुढे सरकलेली असायची.

पुढे मी आणि माझ्या धाकट्या भावाने नऱ्ह्यात पत्र्याची शेड घेतली. सुरुवातीची काही वर्षं दुकानांच्या सजावटी, शाळांची विज्ञान दालनं, एक-दोन संग्रहालयांतले पुतळे अशी कामं केली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फायबरचे साचे सुधारले, हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर वापरायला शिकलो, कॅमच्या जोडीला पीएलसी, म्हणजे यंत्राच्या हालचाली क्रमाने चालवणारा छोटा संगणक, आला. मग हायवेवरच्या एका पार्कने डार्क राइड मागितली.

डार्क राइड म्हणजे बंद, अंधाऱ्या शेडमधून रुळावर फिरणारी गाडी आणि वाटेत लागणारे देखावे. जत्रेतला भूतबंगला हे तिचं आपल्याकडचं गरीब भावंड. मंडपात देखावा जागेवर असतो आणि रांग सरकते. इथे रांगच गाडीत बसवलेली असते. आम्हाला वाटलं, हे तर आमचंच काम. शिवाय इथे कुणी ढकलणारं नाही, माणूस बसलेला आहे, म्हणजे आता गोष्ट पूर्ण सांगता येईल. म्हणून आम्ही गोष्ट लिहिली. राजा, शापित खजिना, फितूर प्रधान, प्रधानाचा जुळा भाऊ. नऊ सीन, अकरा पानांची संहिता आणि प्रत्येक सीनला निवेदन.

तेव्हा हिशेब करायला हवा होता, तो नंतर केला. गाडी सेकंदाला अर्धा मीटर जाते. १२० मीटरचा रूळ, म्हणजे चार मिनिटं. त्यातली निम्मी वळणं आणि निखळ अंधार, कारण पुढचा सीन आधी दिसून चालत नाही. एका सीनसमोर गाडी असते दहा-बारा सेकंद. स्पष्ट मराठी बोललं तर दहा सेकंदांत वीस-बावीस शब्द बसतात, त्यातले निम्मे चाकांच्या खडखडाटात आणि पुढच्या गाडीतल्या किंकाळ्यांत जातात. उरतात दहा शब्द. दर वीस सेकंदांनी एक गाडी सोडायची, गाडीत चौघं, म्हणजे तासाला ७२० माणसं. तेवढी गेली नाहीत तर पार्कवाल्याला परवडत नाही. त्यामुळे गाडी हळू करून चालत नाही, आणि एका सीनचा आवाज दुसऱ्यात सांडतोच.

पहिल्याच आठवड्यात पाचव्या सीनमधला लिमिट स्विच, म्हणजे हलता भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा खटका, अडकला आणि ओळीने सगळ्या गाड्या थांबल्या. एक कुटुंब बरोबर प्रधानासमोर उभं राहिलं. दर चौदा सेकंदांनी प्रधान मान वळवून म्हणायचा, "महाराज, हा खजिना शापित आहे!" अकरा मिनिटं हे चाललं. मी बॅटरी घेऊन आत गेले, नातीला कडेवर घेतलं, आजोबांना हात दिला. बाहेर येता येता ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तो प्रधान चांगला होता की वाईट?" तेच वाक्य त्यांनी चाळीसहून जास्त वेळा ऐकलं होतं. राग नव्हता त्यांच्या आवाजात, खरंच कळलं नव्हतं. त्या प्रश्नाने मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पार्क बंद झाल्यावर आम्ही नऊच्या नऊ सीनचं निवेदन काढून टाकलं. वारा, दाराची करकर, नाण्यांचा आवाज एवढंच ठेवलं. राइड तीच, लोक तेच. पण बाहेर येणारे आता आपसात बोलत यायला लागले.

मग मी जगातल्या जुन्या राइड्स कशा बनल्या ते वाचायला बसले. १९२८ साली अमेरिकेत लिऑन कॅसिडी या माणसाने एकाच रुळावर गरगर वळणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. त्याच्या राइडमध्ये गोष्ट नव्हतीच. अंधार, अचानक वळण आणि कानाशी काहीतरी खणकन वाजणं, बस. भूतबंगला आजही याच भांडवलावर चालतो. दुसऱ्या टोकाला डिस्नीलँड. तिथे १९६७ साली सुरू झालेल्या समुद्री चाच्यांच्या राइडमध्ये शंभरावर पुतळे आहेत, पण सलग कथानक नाही. बोटीतून जाताना संवादांचे तुकडे कानावर पडतात. पार्टीत फिरताना गप्पा ऐकू याव्यात तसं हे आहे, असं वॉल्ट डिस्नी म्हणाल्याचं त्यांचे सहकारी सांगत. १९६९च्या भुताच्या हवेलीवर तर दोन कलाकारांत मतभेद होते. मार्क डेव्हिस यांना गमती हव्या होत्या, क्लॉड कोट्स यांना वातावरण. शेवटी पहिल्या भागात कोट्स यांचे लांब काळोखे बोळ राहिले आणि पुढे डेव्हिस यांची नाचती-गाती भुतं आली. सलग गोष्ट दोघांच्याही वाट्याला नाही, आणि लोक पन्नास वर्षांहून जास्त काळ रांगा लावतायत.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डिस्नीलँडमधल्याच १९५५च्या स्नो व्हाइटच्या, म्हणजे हिमगौरीच्या, राइडने. तिच्यात स्नो व्हाइटच नव्हती! बनवणाऱ्यांची कल्पना अशी की गाडीत बसलेला माणूसच स्नो व्हाइट. जे घडतंय ते त्याच्याच बाबतीत घडतंय. लोकांना ते उमगलंच नाही. ते विचारत राहिले, ती कुठे आहे? १९८३ साली राइड नव्याने बांधली तेव्हा तिचा पुतळा आत आला. गाडीत बसलेला माणूस आपलं नाव, चप्पल, भूक सगळं घेऊन बसलेला असतो. चार मिनिटांसाठी तो दुसरा कुणी होत नाही. तो साक्षीदार होतो, आणि तेवढं पुष्कळ असतं.

माझी मावशी कीर्तनं ऐकण्यात मुरलेली. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, आख्यान लोकांना पाठच असतं. बुवा सांगतो ते पुढे काय होणार हे नाही, आत्ता काय होतंय ते." माझ्या सगळ्या वाचनाचा अर्क तिने माजघरात बसून सांगितला.

दुसरी राइड लहान मुलांची होती. यावेळी आम्ही नियम घातला : गोष्ट एका श्वासात सांगता आली पाहिजे आणि ती पहिल्या वळणाआधी डोळ्यांनी कळली पाहिजे. ठरलं ते असं : वाड्यात दिवे जातात आणि उंदीर मोदक पळवतो. पहिल्या सीनमध्ये देवघर, समईच्या उजेडात ताटात एकवीस मोदक. वीज जाते, परत येते, ताटात एक खाच रिकामी आणि चौरंगाखाली सुळकन शेपूट. पुढची साडेतीन मिनिटं माजघर, चौक, विहीर, माळा. एकही शब्द नाही.

शेपटीवर भावाने सहा आठवडे घातले. सिलिकॉनच्या नळीत पोलादी तार, मागे तीच जुन्या बाजारातली वायपर मोटर. आधी कॅम गोल होता, तर शेपूट पंख्यासारखी एका चालीत हलायची. ते यंत्र वाटायचं. भावाने कॅमला एक पायरी पाडली. आता शेपूट थांबते, थांबते, आणि एकदम फटकन गायब होते. त्या थांबण्यात उंदीर ऐकतोय असं वाटतं. कुणीतरी आहे, त्याला आपली चाहूल लागली आहे, एवढं कळलं की मुलं गाडीत पुढे वाकतात. आमच्या दृष्टीने गोष्ट तिथे सुरू झाली.

पण कुणी याचा अर्थ असा घेऊ नये की आम्ही गोष्ट लिहीत नाही. उंदराच्या राइडसाठी आम्ही चौदा पानं लिहिली, पहिल्यापेक्षा जास्त. वाडा कुणाचा, आजी कुठल्या गावची, मुलगा कुठे नोकरीला, विहिरीवर रहाट आहे की पंप. बसणाऱ्याला यातलं काही सांगत नाही. मात्र आमचे पेंटर विचारतात, "ताई, भिंतीवर कॅलेंडर कुठलं लावू? चूल की स्टोव्ह?" तेव्हा उत्तर त्या चौदा पानांतून येतं. ती नसतील तर प्रत्येक जण आपापला वाडा बनवतो आणि दहा वेगवेगळ्या घरांतून गाडी फिरते. पाहणाऱ्याला चूक बोट दाखवून सांगता येत नाही, पण मन लागत नाही. गिऱ्हाइकं कधी कधी विचारतात की शब्दच नाहीत तर लिखाणाचे पैसे कशाचे. ते पैसे आम्ही बिलात वेगळे लावतो आणि कमी करत नाही.

राइड सुरू झाली त्या दिवशी मी बाहेरच्या दाराशी उभी होते, बाबांनी शिकवल्याप्रमाणे चेहरे बघत. एक आजी उतरल्या, पदर सावरला आणि शेजारच्या सुनेला म्हणाल्या, "खाल्लान का गं त्यानं शेवटी?" मी शेडच्या मागे जाऊन भावाला फोन लावला. बाबा तेव्हा नव्हते. हे त्यांना ऐकवायला फार आवडलं असतं.

सध्या शेडमध्ये जे काम चालू आहे ते आजवरचं सगळ्यात अवघड. मागणी होती शिवचरित्राची : जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत, पाच मिनिटांत. मी हात जोडून सांगितलं की पाच मिनिटांत चरित्र होत नाही, चित्रांची यादी होते. आम्ही एकच रात्र मागितली. १२ जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे. सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, चिखल, दुसऱ्या पालखीत बसून मागे राहिलेला शिवा काशीद, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत उभे ठाकलेले बाजीप्रभू. मराठी माणसाला यातलं काही सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्याला नावं कळणार नाहीत, पण पावसात धावणारे पाय, मागून येणारी टापांची चाहूल आणि अरुंद होत जाणारी वाट कुणालाही कळते.

पहिल्या बैठकीत सूचना आली की गाडीला पालखीचा आकार द्या, माणसाला वाटलं पाहिजे आपणच महाराज. आम्ही दोघंही एकदम नको म्हणालो. महाराजांच्या पालखीत तिकीट काढून कुणी बसायचं नाही, हे पहिलं कारण. स्नो व्हाइट हे दुसरं. पालखी पुढे आहे. प्रत्येक वळणावर तिचा मागचा दांडा आणि भोयांचे भिजलेले खांदे तेवढे दिसतात आणि ती कड्याआड जाते. आपण मागून येणाऱ्या सहाशेंतले एक. खिंडीत मात्र पालखी पुढे निघून जाते आणि आपली गाडी बाजींपाशी थांबते.

तिथे विशाळगडाच्या तोफांचा आवाज यायचा आहे. त्याआधी पाऊस, तलवारी, सगळं बंद. सध्या ती शांतता सहा सेकंदांची आहे. भावाला नऊ हवेत. गेले चार दिवस आम्ही रात्री कॉम्प्रेसर बंद करून, शेडचे दिवे मालवून, लाकडी फळीवर बसून ती मोजतोय.